राकसाच्या दाढेवरचा दिवा

एक होतं समुद्राकाठचं गाव, मूठभर घरांचं. गावासमोर ऐन पाण्यात एक खडक. भरतीला बुडायचा, ओहोटीला दात विचकून बसायचा. त्याच्या खाली राकस बसलाय म्हणत, म्हणून त्याला म्हणायचे राकसाची दाढ.

त्या गावात चांगुणा कोळीण राहायची. नवरा होडीवर, पोर कडेवर आणि जीव सदा टांगणीला. सासू म्हणायची, "अगो, तू घाबरलीस की समुद्रसुद्धा बिचकतो!"

गावाची रीत अशी, बरं का, की होडी बाहेर असली की घरच्या बाईनं किनाऱ्यावर दिवा लावायचा. होडी येईपर्यंत तो विझवायचा नाही. विझवणं म्हणजे अपशकुन.

मग काय झालं, एक होडी दाढेवर फुटली. बायकांनी एकाचे दोन दिवे केले. मग दुसरी फुटली. दोनाचे चार झाले. मग तिसरी. किनारा नुसता झगमगला, आणि घराघरांत रडारड.

एका संध्याकाळी आभाळ काळंठिक्कर झालं. होड्या अजून बाहेर. चांगुणा वात सारत होती, तोच पाण्यातून घोगरा आवाज आला.

"लावा गो, लावा. अजून लावा."

भास असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण वात तशीच सोडून ती उठली. राकसाला आपल्या दिव्यांचा एवढा आनंद कशाचा?

तिनं समोर पाहिलं. इकडे दिवा, तिकडे समुद्र, मधोमध दाढ. घरचा दिवा दिसला की होड्या सरळ त्याच्याकडेच येणार ना!

"आत्याबाई, दिवे हलवायला हवेत!"

"विझवायचे म्हणतेस? जीभ झडेल तुझी!"

"विझवायचे नाहीत. सगळ्यांचे घरात न्या, दारं लावा. आपला मी दाढेवर नेते."

सासूनं तिच्याकडे पाहिलं. मग पोर शेजारणीकडे दिलं आणि म्हणाली, "वल्हं मी धरते. तू दिवा सांभाळ."

भोकं पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून चांगुणा दाढेवर चढली. खाली सासू होडी सावरत होती. मागे बायकांनी दिवे घरात नेले, किनारा काळाकुट्ट झाला. भरती चढू लागली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला.

"दमलीस गो," राकस गोड बोलला. "ठेव खाली."

चांगुणानं मडकं डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात लांबून आरोळी आली, नवऱ्याचीच. "दाढेवर उजेड हाय रं! वळवा, वळवा!"

होड्या वळसा घालून किनाऱ्याला लागल्या. एकही फुटली नाही. सासूनं सुनेला होडीत ओढलं आणि पदरानं तिचं डोकं पुसत बसली.

मग रीतच बदलली. ओहोटी आली की प्रत्येक होडीनं दाढेवर एक दगड ठेवायचा. दगडावर दगड चढला, त्याचा मनोरा झाला, वर दिवा बसला. होड्या घरी येऊ लागल्या, गाव सुखानं नांदू लागलं.

राकस अजून तिथंच आहे हं, दिव्याखाली. पण त्याचं तोंड आता दगडांनी भरलंय.

चला, मिटा डोळे. नाही गं, दिवा नाही विझवत. नुसता कोपऱ्यात सरकवते.