विसरलेला चरण

पूर्वी सुदर्शन नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव उदपाल. मूठभर माती हुंगून तो खाली मुरूम आहे की कातळ हे सांगे, आणि बहुधा ते खरे निघे. चुकले तर चुकले म्हणून मोकळा होई. अशी माणसे कोणत्याही धंद्यात थोडीच असतात.

तरुणपणी उदपालाने एका वनवासी आचार्याची विहीर खणून दिली होती. द्यायला आचार्यांपाशी दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांनी पूर्वीच्या बुद्धांची वचने त्याला मुखपाठ करून दिली. उदपालाने ती आपल्या टोळीला शिकवली, आणि त्यातूनच टोळीत एक रीत पडली. विहिरीच्या तळाशी कधीकधी विषारी हवा साचते. ती दिसत नाही आणि तिला वासही नसतो. म्हणून काठावरचा माणूस अधूनमधून गाथेचा पहिला चरण मोठ्याने म्हणे, आणि खाली खणणाऱ्याने दुसरा म्हणायचा.

'गेले त्यांच्या मागे मन धावू नये,' असे वरून येई.

'आहे तो श्वास हाती, सोडू नये,' असे खालून येई, आणि वरचे लोक निश्चिंत होत.

उत्तर आले नाही तर हाका मारीत राहायचे. पण सूर्य विहिरीच्या तोंडावरून सरकला की हाका थांबवायच्या, कोणी खाली उतरायचे नाही, आणि विहीर बुजवून टाकायची. हा नियम खुद्द उदपालानेच केला होता. एकदा एका भावाला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि तिघेही वर आले नाहीत, त्या दिवसापासून.

या टोळीत वप्पक नावाचा एक खणणारा होता. त्याच्यासारखी स्मरणशक्ती कोणाचीच नव्हती. उदपालाने आणलेली सगळी वचने एकट्या त्यालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत येत. दुसरा कोणी म्हणताना चुकला की वप्पक हातातला घास खाली ठेवून आधी चूक दुरुस्त करी. 'विहिरीला पाणी लागायचं राहील, पण वप्पक टोकायचा राहणार नाही,' असे लोक म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

मग एका वर्षी तापाची साथ आली. त्यात वप्पकाची बायको सामा गेली आणि पाठोपाठ लहान मुलगी गेली. भेटायला आलेला प्रत्येक जण त्याला तीच गाथा ऐकवी, गेले त्यांच्या मागे मन धावू नये. वप्पक मान हलवी. इतक्या वेळा ऐकून त्या गाथेचा त्याच्यापुरता चोथा झाला होता. तो कामावर येई, खणे, खाली असताना उत्तरही देई, पण पहारीचा आवाज यावा तसेच ते उत्तर येई. एरवी त्याच्या तोंडून वचन निघेनासे झाले. लोक चुकीचे म्हणत आणि तो जेवत राही. उदपालाला हे कळत होते. त्याने एकदोनदा विषय काढून पाहिला, पण वप्पक म्हणाला, "बाबा, आतलं सगळं आटलंय. आता तिथं काही शोधू नका."

पुढच्या उन्हाळ्यात टोळीला माळावरच्या एका गावाने बोलावले. तिथल्या बायका पहाटे घागरी घेऊन निघत त्या ऊन तापल्यावर परतत. उदपालाने जागा दाखवली आणि खणणे सुरू झाले. विहीर चांगली खोल गेली तेव्हा एके दिवशी वप्पक तळाशी असताना एका बाजूचा मुरूम सुटला आणि धडाधड खाली आला.

वप्पक एका पुढे आलेल्या कातळाखाली फेकला गेला, म्हणून वाचला. भोवती माती दाटली होती. पाय मांडीपर्यंत गाडले गेले होते. कातळ आणि माती यांच्यामध्ये हातभर फट राहिली होती, तिच्यातून थोडी हवा येत होती आणि वरचे आवाज येत होते.

"गेले त्यांच्या मागे मन धावू नये," वरून उदपालाची हाक आली.

वप्पकाने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आपल्याला काहीही करावे लागणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पहार उचलायची नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. नुसते गप्प राहायचे. थोड्या वेळाने सूर्य सरकेल, लोक नियमाप्रमाणे माती लोटतील आणि सारे संपेल. त्याला भीती वाटली नाही. खरे सांगायचे तर वर्षभरात प्रथमच त्याला बरे वाटले.

हाक पुन्हा आली. मग पुन्हा आली. वप्पक डोळे मिटून पडून राहिला.

"बाबा, गेला तो," वर कोणीतरी म्हणाले. तो तुंडिल होता, टोळीतला दांडगा गडी. "ऊन सरकत चाललंय. तुम्हीच केलेला नियम आहे."

"अजून सरकलं नाही," उदपाल म्हणाला.

उदपाल काठावर मांडी घालून बसला होता आणि विचार करीत होता. ज्या गाथेने हा माणूस वर्षभरात हलला नाही, तीच पुन्हा पुन्हा म्हणून काय होणार? त्याने ती सोडून दिली आणि आचार्यांनी दिलेली सगळी वचने पहिल्यापासून म्हणायला घेतली. घाईने नाही, झाडाखाली बसून शिकवताना म्हणे तशीच. दानाची झाली, मैत्रीची झाली. वप्पकाने ऐकायचे नाही असे ठरवले होते, पण कानाला काही झाकण नसते.

उदपाल दुःखाच्या वचनांशी आला.

'दुःखे ज्याला खोल खणले, रिता तो न जाण,' असे म्हणून तो थांबला. पुन्हा तेच म्हणाला आणि पुन्हा थांबला.

"तुंडिल, पुढचं काय रे?"

"मला कुठलं येतंय, बाबा?" तुंडिल म्हणाला. तरी त्याने प्रयत्न केला. "'पिकल्या पानाला कशाचा अभिमान.' हेच ना?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वप्पक मेल्यागत पडला होता, तरी त्याच्या कपाळाला आठी पडली. ते म्हातारपणाच्या वचनातले, हे इतक्या वर्षांत या गाढवाला कळू नये! इथे तर पुढे येते... आणि पुढचा चरण त्याच्या मनात आपोआप उभा राहिला.

'त्याच्या तळीच्या पाण्याने भागते तहान.'

हा चरण त्याने आपल्या मुलीला शिकवला होता. ती मांडीवर बसून म्हणायची, आणि दर वेळी इथे आली की अडायची. 'कुणाची तहान, बाबा?' ती विचारायची. वचनात ते सांगितलेले नव्हते. 'ज्याला लागली असेल त्याची,' असे त्याने सांगितले होते. हे सांगताना आपण काय सांगतो आहोत याचा त्याने विचार केला नव्हता. लेकराला काहीतरी उत्तर द्यायचे म्हणून दिले होते.

"वप्पका," उदपाल वरून म्हणाला. हा आवाज हाकेचा नव्हता, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसा होता. "तू जिवंत असशील आणि बोलायचं नसेल, तर मी तुला दोष देणार नाही. पण बाळा, माझं वय झालं. हा चरण मला आठवत नाही रे. वनातून मी तो आणला आणि तुझ्याजवळ ठेवला. आता मला त्याची गरज आहे. जायचंच असेल तर तेवढं सांगून जा."

वप्पक रडू लागला. सामा गेली तेव्हा तो रडला नव्हता, मुलगी गेली तेव्हाही नाही. आतले सगळे आटले म्हणून तो सांगत फिरत होता, आणि आटलेल्या माणसाबद्दलचे वचन एवढे दिवस त्याच्याच पोटात पडून होते. ते बाहेर काढून पाहायचे त्याला सुचले नव्हते. वर एक म्हातारा त्याच वचनासाठी तहानलेला बसला होता. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काठावर बसून वाट पाहत होते.

त्याने बोलायला तोंड उघडले तर आवाज निघेना. घसा मातीने भरला होता. फटीतून दिसणारा उजेडाचा पट्टा मावळत चालला होता. वर फावडी उचलल्याचा आवाज आला आणि मातीची पहिली पाटी त्याच्या कातळावर येऊन पडली. आता मात्र वप्पकाला मरणाची भीती वाटली, आणि चांगलीच वाटली. तो खोकला, थुंकला, आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून म्हणाला,

"त्याच्या तळीच्या पाण्याने... भागते तहान."

"थांबा," वर उदपाल म्हणाला. सगळे थांबले.

त्याने दुसऱ्या कोणाला उतरू दिले नाही. नियम आपण केला, तेव्हा तो मोडायचा धोकाही आपणच पत्करायचा, असे म्हणून त्याने स्वतःच्या कमरेला दोर बांधला. कातळापाशी पोचल्यावर तो हातांनीच माती उपसू लागला, कारण पहार चालवली असती तर उरलेला मुरूमही सुटला असता. त्याच्या नखांतून रक्त आले. अखेर वप्पकाचे पाय मोकळे झाले आणि तुंडिलाने दोघांना वर ओढून घेतले.

गावातल्या एका बाईने आपल्या घागरीतले पाणी वप्पकाला पाजले. ते प्याल्यावर त्याने विचारले, "बाबा, तुम्हाला खरंच आठवत नव्हतं, की मला बोलतं करायला म्हणालात?"

"खरंच नव्हतं आठवत," उदपाल म्हणाला. "आता आठवतंय, पण पुन्हा एकदा म्हण. तुझ्या तोंडून ऐकू दे."

त्या विहिरीला पाणी काही लागले नाही. ती सोडून टोळीने ओढ्याच्या अंगाला दुसरी खणली, तिला लागले. वप्पक पुढे पुष्कळ जगला. सामाची आणि मुलीची आठवण त्याला रोज येई, आणि तो ती येऊ देई. कुणाच्या घरी मरण झाले की तो जाऊन बसे. लगेच गाथा म्हणत नसे. माणूस स्वतः विचारीपर्यंत थांबे, आणि मग म्हणे.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सोमिल नावाच्या भिक्खूला उद्देशून सांगितली. त्याचा भाऊ वारला होता. पाठ केलेल्या वचनांत आता काही उरले नाही, असे म्हणून तो चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, परत करायला आला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्खूहो, त्या वेळचे गावकरी म्हणजे आजची ही परिषद. तुंडिल म्हणजे सोमिलाला हाताला धरून इथे घेऊन आलेला त्याचा सोबती. वप्पक हा सोमिलच होता, आणि उदपाल मी होतो."

उत्तर येत नसतानाही हाक मारीत राहणे, ही क्षांती पारमिता, म्हणजे धीराने सहन करण्याचा गुण, बोधिसत्त्वाने त्या जन्मी वाढवली. आणि वप्पकाला ज्याने वर काढले, ते धर्माचे स्मरण होय. दोर नंतर आला.