हिरव्या दाराचं दुकान

"...आणि ते परत आले, तर दुकान ओळखतील कसं, बाबा?"

चांदशा फकीर आपल्या तकियात, म्हणजे मठीत, कडुलिंबाखाली बसला होता. समोर तीन दगडांची चूल, चुलीवर चहाचं पातेलं. उकळी आली तसं त्यानं पातेलं फडक्यानं धरून खाली उतरवलं.

"कुठलं दुकान?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठलं."

"तू सांग."

यमुनानं सांगितलं.

अंबडच्या जुन्या बाजारात, धान्यवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, तिच्या नवऱ्याचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं. भानुदास ठोसर त्याचं नाव. एके सकाळी तो सोल आणायला म्हणून जालन्याला निघाला. एसटीत चढताना लोकांनी त्याला पाहिलं. जालन्यात उतरताना कुणी पाहिलं नाही.

भांडण झालं नव्हतं. उलट जाताना म्हणाला होता, "संध्याकाळी वांग्याचं कालवण कर."

तिनं केलं होतं.

पुढं कुणी सांगितलं, मनमाडच्या फलाटावर दिसला. कुणी सांगितलं, नाशकात, भगव्या कपड्यांत. यमुना दोन्हीकडे जाऊन आली. मग ती त्याच्या पाटावर बसली. आरी हातात घेतली. आधी अंगठा फोडून घेतला, नंतर शिवायला शिकली.

दुकानात मात्र तिनं काही बदललं नाही.

हिरवं दार तेच. त्यानं स्वतः रंगवलेली पाटी तीच, 'बूट'मधला उकार ऱ्हस्व काढलेली. खुंटीवर त्याचा कामाचा सदरा. पत्र्याला भोकं पडली तेव्हा शेजारी म्हणाले, बदलून घे. ती म्हणाली, ते आल्यावर बदलतील. बाजारातल्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. ते तिच्या कानावर यायचं.

आवडायचंही.

"एक खिळा हलवू दिला नाही मी," ती म्हणाली. मान ताठ होती.

फकिरानं दोन कपांत चहा ओतला. एक तिच्याकडे सरकवला.

"मग आज काय झालं?"

"पत्रा गळतो, बाबा. पावसाळाभर चामड्याला बुरशी येते. आणि शिवायला आता येतं कोण? लोकांचे बूट चिकटवलेले असतात, उलले की टाकून देतात. शेजारी अन्वर सुतार आहे. तो म्हणतो, मावशी, पत्रा काढू, काचेचं काउंटर करू, भिंतीला फळ्या मारू. पॉलिश ठेवा, क्रीम ठेवा. ब्रश, नाड्या, बुटाच्या आतल्या गाद्या ठेवा. शिवणकाम कोपऱ्यात चालू द्या. नाहीतर दिवाळीपर्यंत कुलूप लागेल."

"बरोबर म्हणतो."

"बरोबर म्हणतो, म्हणून तर तुमच्याकडे आले."

ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी दाराचा रंग बदलला, आणि नेमके ते आले. परकं दुकान समजून समोरून निघून गेले. मग...?"

फकिरानं तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"तो गेला तेव्हा तुझे केस असेच पांढरे होते?"

"नाही."

"मग हे कसे बदलू दिलेस?"

यमुनाचा हात पदराकडे गेला. तिनं पदर कपाळापर्यंत पुढं ओढून घेतला आणि तशीच बसून राहिली. इतकी वर्षं तिनं दाराची, पाटीची, खुंटीची काळजी वाहिली होती. या एका गोष्टीचा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

चहा तसाच निवला. ती उठली. तकियाच्या फाटकापाशी जाऊन वळली.

"मी काय करू, ते तुम्ही सांगितलंच नाही."

"तू ते विचारलंही नाहीस," फकीर म्हणाला.

दसऱ्याच्या आधी अन्वरनं काम काढलं.

पत्रा उतरला. भिंत घासली. सदरा यमुनानं घरी नेऊन धुतला, वाळवला आणि ट्रंकेत ठेवला. दाराजवळ उभं राहून अन्वरनं विचारलं, "मावशी, रंग कोणता?"

तिनं जुन्या हिरव्या रंगावरून बोट फिरवलं.

"तू म्हणशील तो."

त्यानं पांढरा दिला. आत उजेड वाढला.

पाटीवाल्यानं विचारलं, नाव काय टाकायचं. ती म्हणाली, "आहे तेच." त्यानं तेच टाकलं, फक्त उकार नीट केला. पाटी वर चढली तेव्हा यमुना रस्त्यात उभी राहून बघत होती. बरोबर लिहिलेलं 'बूट' तिला वाचवेना. चुकलेलंच राहू द्यायचं होतं, असं ओठांवर आलं होतं. पण पाटीवाला शिडीवर उभा होता, घामाघूम झाला होता, आणि त्यानं काही वाईट केलं नव्हतं.

दुकान चालायला लागलं.

काळ्या, तपकिरी, बिनरंगी डब्या, लहान आणि मोठ्या, फळीवर ओळीनं बसल्या. वाटेवरचं गिऱ्हाईक लहान घ्यायचं, गावात राहणारं मोठी. कोणत्या कातड्याला मेण लागतं, कोणत्याला तेल, हे तिला आधीपासून कळत होतं. आता लोक ते विचारायला येऊ लागले. लग्नाच्या आधी बूट चमकवायला येणारे, कचेरीत जाणारे, शाळेतल्या बाई. पूर्वी ती जमिनीलगत पाटावर बसायची. माणूस आला की आधी पाय दिसायचे, मग आवाज यायचा, मग कधीतरी तोंड. आता ती काउंटरमागं उंच स्टुलावर बसू लागली. आधी तोंडं दिसू लागली.

एक दिवस दुपारी तिच्या ध्यानात आलं, आज सकाळपासून आपण रस्त्याकडे पाहिलंच नाही.

कुणाचं काही चोरल्यासारखं तिला वाटलं. मग ती दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडेच पाहत बसली.

थंडी सरता सरता, बाजाराच्या दिवशी, ती पुन्हा तकियात आली. धावत आली असावी, कारण बोलताना धाप लागत होती. पायात चपला नव्हत्या.

"ते येऊन गेले, बाबा."

फकीर कडुलिंबाखालची पानं झाडत होता. त्यानं झाडू थांबवला.

"किंवा नसतील आले..." ती म्हणाली. "मला कळलं नाही."

"बस."

"बसायला नाही आले मी."

"बरं."

ती उभ्यानंच बोलू लागली. दुपारची वेळ होती. बाजार भरलेला. एक माणूस आत आला. पांढरी दाढी, खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. तपकिरी पॉलिश आहे का, असं त्यानं विचारलं. ती फळीकडे वळली. पुढची डबी दबलेली होती, म्हणून मागून दुसरी काढायला लागली.

"वेळ लागला तुला," फकीर म्हणाला.

"थोडा. तेवढ्यात ते वर बघत होते. छताकडे. आणि म्हणाले..."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, आता गळत नसेल."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, नाही. नवं छत आहे." यमुनानं डोळे पुसले. "गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं मी, बाबा."

"दुकान गळतं हे गावाला माहीत होतं."

"हो. पावसात जो कुणी तिथं आडोशाला थांबला असेल, त्याला माहीत होतं. मी तेच म्हणते स्वतःला."

"आवाज?"

"बसलेला होता. धुळीनं कुणाचाही बसतो."

"हात? तुमच्या कामात हाताला खुणा राहतात."

"मी पाठमोरी होते. वळले तेव्हा पैसे काचेवर होते आणि हात पिशवीत."

"डोळे?"

"उन्हाकडे पाठ होती त्यांची. आणि मी डबी पुसून देत होते."

वरून एक पान फकिराच्या खांद्यावर पडलं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

"पाय ओळखले असते मी," यमुना म्हणाली. "डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे त्यांची. लहानपणापासूनची. कुठंही, कितीही वर्षांनी ओळखली असती. पाटावर बसलेली असते तर तो पाय माझ्या समोर आला असता. माझ्या मांडीजवळ. पण आता मधे काउंटर आहे, बाबा. माणूस कमरेपर्यंतच दिसतो."

"बाहेर आली नाहीस?"

"आले. ते गेल्यावर माझ्या मनात आलं, आता गळत नसेल असं कोण म्हणेल... तशी उठले. काउंटरला वळसा घालून बाहेर आले, तोवर रस्त्यावर माणसंच माणसं. धान्यवाल्यांच्या ओळीत बघितलं. एसटी स्टँडवर बघितलं. वाकून वाकून लोकांचे पाय बघत होते मी. लोक हसत होते."

ती आता खाली बसली. पानांच्या ढिगाशेजारी, मातीत.

"तुमच्यामुळं झालं हे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. तुम्ही केसांचं विचारलंत आणि माझं मन हललं. नाहीतर मी काउंटर करूच दिलं नसतं."

"हो," फकीर म्हणाला.

तो नाही म्हणेल, काहीतरी समजावून सांगेल, अशी तिची अपेक्षा होती. तो नुसता हो म्हणाला.

बाजाराचा आवाज तिथपर्यंत येत होता. कुणीतरी बैल विकत होतं, भाव ठरत नव्हता.

"ते असतील, तर मला बघूनही बोलले नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि... यातलं काय जास्त वाईट, तेही मला कळत नाही. आणि ते नसतील, तर कुणा परक्या माणसासाठी मी आज दुकान उघडं टाकून गावभर अनवाणी फिरले."

"दुकान उघडंच आहे?"

"उघडंच. अन्वरला हाक मारून आले, बस म्हणून."

फकिरानं झाडू झाडाला टेकवून ठेवला. तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचे गुडघे वाजले. रांजणातून पाणी घेऊन त्यानं तिच्या हातात तांब्या दिला. ती घटाघट प्यायली. उरलेलं तिनं पायांवर ओतलं. टाचेला कुठंतरी काच लागली होती, तिथं पाणी लाल झालं.

"सांगा ना, बाबा. तेच होते का?"

फकिरानं तिच्या टाचेकडे पाहिलं. मग बाजाराच्या दिशेला पाहिलं. यमुना वाट पाहत राहिली. वाट पाहायची तिला सवय होती.

सावली तिच्या पायांवरून सरकून पुढं गेली.

शेवटी त्यानं विचारलं, "ती पॉलिशची डबी घेऊन गेला तो?"

"हो. पिशवीत घातली."

"बेटी... लहान घेतली, की मोठी?"