आल्या पावली परतलेलं धन

बंदरांवर अजून दीपस्तंभ नव्हते आणि जहाजं ताऱ्यांच्या भरवशावर चालायची, तेव्हाची ही गोष्ट.

समुद्रकाठच्या एका राज्यात विसाशेट नावाचा पेढीवाला होता. गावातली माणसं आपली पुंजी त्याच्याकडे ठेवत. तीच तो विणकरांना मागासाठी कर्जाऊ देई. राज्याचा एक नियम होता. परदेशी व्यापाऱ्याने पेढीत ठेवलेलं धन वर्षभर काढता येत नसे.

विसाशेट राणीकडे गेला. म्हणाला, "राणीसाहेब, या नियमाला कंटाळून व्यापारी दुसऱ्या बंदरात जातात. तो उठवा. राज्य सोन्याने भरेल."

राणीने नियम उठवला. सोनं खरंच आलं. विसाशेटने ते सढळ हाताने कर्जाऊ वाटलं. नवे माग खडखडू लागले, नव्या वखारी उभ्या राहिल्या. ते वैभव पाहून साळूबाई नावाच्या विणकरणीने स्वतःच्या मागासाठी जमवलेली सगळी पुंजी त्याच्या पेढीत ठेवली.

मग दूरच्या एका देशात युद्ध पेटलं. या राज्याचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता, पण व्यापारी हादरले. पेढीवर येऊन म्हणाले, "आमचं धन आत्ताच द्या."

तिजोरीत होतं नव्हतं ते विसाशेटने त्यांना दिलं. बाकीचं मागांत आणि वखारींत अडकलं होतं. ती झुंबड पाहून गावकरीही धावले.

राणीने घाईघाईने हुकूम काढला, राज्याबाहेर दमडीही जाणार नाही. पण परदेशी जहाजं केव्हाच निघून गेली होती. अडकले ते गावचेच लोक. सूत बाहेरून यायचं, ते विकत आणता येईना. माग बंद पडले.

साळूबाई पेढीच्या पायरीवर आली.

"शेटजी, माझे पैसे?"

"बाई, ते कर्जात गुंतलेत."

"मग परदेशी पाहुण्यांना त्यांचे कुठून दिलेत?"

विसाशेटने पेढीचं दार लावून घेतलं. त्या दिवसानंतर पेढी उघडली नाही.

पुढे राणीने ती बंदी उठवली आणि परक्या धनाला पुन्हा मुदत घातली. व्यापारी थोडे आले, पण आले ते टिकले. साळूबाईची पुंजी मात्र गेली ती गेलीच. ती अखेरपर्यंत दुसऱ्याच्या मागावर विणत राहिली.

लहानथोर सगळ्यांनी यातून एवढं घ्यावं: परक्या धनाच्या जाण्याची अट ते घेण्याआधीच घालावी, कारण संकटात घातलेली बंदी आपल्याच माणसांना कोंडते.