उंबऱ्याखालची खूण

त्या राज्यात रान सगळ्यांचं होतं, बिळं मात्र ज्याची त्याची. बीळ घेणाऱ्याने साठवलेले कंद देणाऱ्यापुढे ठेवायचे, अंगावरची एक खूण उपटून उंबऱ्याखाली पुरायची, की बीळ त्याचं झालं. उंबरा उकरणं अशुभ. आत डोकावणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. हे कुणी ठरवलं, असं विचारणंही असभ्य होतं.

धाकट्या सायाळीला स्वतःचं बीळ हवं होतं. आई, तीन मावश्या आणि त्यांची पिल्लं यांच्या दाटीत कूस बदलली तरी कुणाला तरी काटा टोचायचा. दोन पावसाळे अर्धपोटी राहून तिने कंद साठवले होते. शिवाय पाठीच्या मधोमध लांब पांढरा काटा होता, आयुष्यात एकदाच उगवणारा. काकांचा तो काटा मागच्या वर्षी बिबट्याशी झुंजताना गेला होता. निदान ते तसं सांगत.

उतारावरचं खोकडनानांचं बीळ काकांनीच सुचवलं. दार झाडून लख्ख, वर करवंदीची सावली.

"पावसाचं पाणी आत येतं का?" तिने विचारलं.

"पोरी, जिभेला आवर घाल," काका पुटपुटले. "नानांचा शब्द आहे."

"शब्दात नाही झोपायचं मला, काका. बिळात झोपायचंय."

नाना गोड हसले. "हल्लीच्या मुली! अगं, चौघं मागे लागलेत. सूर्य मावळायच्या आत काय ते सांग."

"मग उजेड आहे तोवर बघून घेते," म्हणत ती आत शिरलीसुद्धा.

भिंती कोरड्या होत्या, हवा खेळती होती. तिचं मन जवळजवळ भरलंच होतं. पण बाहेर येताना उंबऱ्यावर पाय रुतला. इतक्या जुन्या बिळाची माती इतकी भुसभुशीत कशी? तिने पंजा घातला.

"अशुभ! अशुभ!" नाना किंचाळले.

सशाच्या केसांचा पुंजका निघाला. मग मुंगसाचे केस. मग घोरपडीचं नख. सगळ्यांत खाली एक लांब पांढरा काटा.

तिने काकांच्या पाठीकडे पाहिलं. काका करवंदीकडे बघत होते. नाना तर दिसेनासेच झाले होते.

"बिबट्या मोठा होता का हो, काका?"

"मोठाच होता," काका हळूच म्हणाले. "खूण पुरून घेतली नि म्हणाला, ‘कसली खूण? दुसरं गिऱ्हाईक आण, मग कंद परत देतो.’ आणि बोलायला फार गोड."

तिने काटा पुसून त्यांच्यापुढे ठेवला, आपले कंद गोळा केले आणि काकांना घेऊनच ओढ्यापलीकडे गेली. तिथे खवल्या मांजराची आजी बीळ विकून लेकीकडे निघाली होती. दार वेडंवाकडं, कोपऱ्यात एक मूळ आडवं आलेलं.

"हे मूळ रात्री डोक्याला लागतं, आधीच सांगते," आजी म्हणाली. "आणि उंबरा उकर गं बाई, लाजतेस काय!"

खाली एकच खवला होता. आजीने तो काढून घेतला. सायाळीने तिथे आपला काटा पुरला. पहिल्या रात्री मूळ तिच्या डोक्याला लागलं, आणि ती हसत पाय ताणून झोपली.

पुढच्या मोसमात काका एका सायाळीच्या पोराला घेऊन बीळ बघायला एका कोल्ह्याच्या दारी गेले. देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ते बिबट्याची झुंज रंगवून सांगत होते, आणि त्यांचा मागचा पाय हळूहळू उंबऱ्याची माती उकरत होता.