शंभराचे चार रेझिस्टर

एका गावात बाजाराच्या तोंडाशी दोन भाऊ रेडिओ-पंखे दुरुस्त करत. थोरला हैबती महिन्यापूर्वी तापाने गेला. मागे राहिला धाकटा राणू. शाळा त्याने चौथीतच सोडलेली. हात तयार, पण राग सदा नाकावर.

एका सकाळी चंपाक्का अंडी उबवायची पेटी घेऊन आली. पेटी हैबतीनेच बनवलेली. आतला ऊब देणारा दिवा लागत नव्हता.

"साठ अंडी गोधडीत गुंडाळून आणलीत रे. दुपारपर्यंत ऊब मिळाली नाही, तर एक पिल्लू निघायचं नाही."

राणूने बॅटरी सोडवून झाकण उघडले. आत वीज अडवणारे चार रेझिस्टर होते, सगळे शंभर ओहमचे. दोन वर शेजारी शेजारी, टोकाला टोक जुळवून जोडलेले, दोन खाली तसेच, आणि दोन्ही जोड्या एकामागून एक. त्याने एकही न सोडवता प्रत्येकावर मीटर लावला. वरच्या दोघांनी पन्नास दाखवले, खालच्या दोघांनी शंभर.

"वरचे दोन्ही निम्म्यावर आलेत! असला माल लावला दादानं, आणि स्वतः गेला निघून!" त्याने कटर उचलला.

"हैबती आधी कागद मागायचा," चंपाक्का म्हणाली. "तोडायला काय, मीही तोडीन."

राणूचे डोळे भरून आले. त्याने कटर खाली ठेवला. मग त्याने कागद ओढला आणि भाऊ करायचा तसे त्यावर प्रत्येक जोडीच्या जागी एकच रेझिस्टर मांडू लागला.

शेजारी जोडलेल्या दोघांतून विजेला दोन वाटा मिळतात, म्हणून दोन शंभर मिळून पन्नास होतात. म्हणजे वरची जोडी पन्नासच दाखवणार. ती धडधाकट होती. खालीही पन्नासच हवेत. चारांचे दोन झाले. वर पन्नास, खाली पन्नास. बारा व्होल्टची बॅटरी दोघांत सारखी वाटली जाईल, म्हणून खालच्या जोडीच्या दोन टोकांमध्ये सहा व्होल्ट मिळायला हवेत. सहा असले की दिवा लागावा, वाढले की विझावा, अशी हैबतीची बांधणी होती.

त्याने बॅटरी जोडून मोजले. आठ.

"अक्का, खाली पन्नास नाहीतच. खाली खरेच शंभर आहेत. म्हणजे दोघांतला एकटाच राबतोय."

बॅटरी काढून त्याने खालच्या दोघांचा एकेक पाय सोडवला. एकाने शंभर दाखवले. दुसऱ्यावर काटा हललाच नाही; तो आतून तुटला होता. इतका वेळ त्याच्या वतीने शेजारीच उत्तर देत होता.

राणूने तेवढा एक बदलला. पुन्हा मोजले. बरोबर सहा. पेटीत पिवळा उजेड पडला. चंपाक्का एकेक अंडे हलक्या हाताने आत ठेवू लागली.

"मग हैबतीचं काय चुकलं होतं रे?"

"काही नाही, अक्का. दादाचं सगळं बरोबर होतं. मीच त्याचं चांगलं काम तोडायला निघालो होतो."

तात्पर्य: जोडलेल्या गोष्टी एकेकट्या पाहून चांगले-वाईट ठरवू नये. आधी सगळी जोडणी समजून घ्यावी, मगच तोडायला हात घालावा.