दोन मोटारी आणि सारजाचे बैल

"माझी मोटार मोठी की आजोबांची? बोल पोरी!" हिरडगडच्या राजेसाहेबांनी सारजाला दरबारात पेचात धरलं आणि मानकरी खुसखुसले.

कोडं कसलं, फासच तो! दाराशी दोन्ही विलायती मोटारी उभ्या. एक आजोबांची, उघड्या टपाची, पितळी दिव्यांची. दुसरी राजेसाहेबांची, नवीकोरी, लांबलचक, आत मखमली गाद्या. आजोबांची मोठी म्हणावं तर राजेसाहेबांचा अपमान. राजेसाहेबांची म्हणावं तर पूर्वजांचा. दोन्ही सारख्या म्हणणारा तर परवाच चाबूक खाऊन गेला होता!

सारजा आली होती आपले बैल मागायला. राज्यात मोटारी दोन, धड रस्ता मात्र एकही नाही! मोटार खिंडीच्या चढाला अडली, की गावचे बैल वेठीला धरायचे, ही हिरडगडची थोर रीत. यंदा ऐन पेरणीत शिपायांनी तिचे बैल नेले, ते सोडलेच नाहीत. इकडे जमिनीचा पेरणीजोगा वाफसा निघून चालला होता.

"बरोबर सांगितलंस तर बैल ने," राजेसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले. "चुकलीस तर बैल सरकारजमा!"

दिवाणजी नाक मुरडून म्हणाले, "हिला काय कळतंय, सरकार? जन्मात कधी मोटारीत बसली आहे का ही?"

"बसले नाही, दिवाणजी. ओढलीय!" सारजा फणकारली. "सरकार, माझा आजा सांगायचा, थोरल्या महाराजांच्या मोटारीला चढावर एक बैलजोडी पुरायची. तुमच्या मोटारीला दोन लागतात. जास्त बैल लागतात ती मोठी म्हणाल, तर तुमची. कमी बैलांत चढते ती मोठी म्हणाल, तर तुमच्या आजोबांची. कशात मोठेपणा धरायचा, ते सरकारनं ठरवावं!"

राजेसाहेब डोकं खाजवू लागले. "अगं भवाने, हा माझा मान की अपमान?"

"तेही सरकारच ठरवतील. मला पेरणी आहे!"

दिवाणजी घाबरेघुबरे झाले. "सरकार, बैल सोडले तर मोटारी ओढणार कोण?"

"तुमच्या मानेवर जू ठेवा की!" सारजा म्हणाली. "नाहीतरी सरकार बोलले की ती नुसती हलतच असते!"

राजेसाहेब पोट धरधरून हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर! बैल तर सुटलेच, वर त्यांच्या पाठीवर नव्या झुली पडल्या. वेठ कायमची बंद झाली आणि खिंडीचा रस्ता बांधून घ्यायला दुसऱ्याच दिवशी, भर उन्हात, दिवाणजींची रवानगी झाली!