हत्तीचं भाडं

गिरजा कुंभारीण दिवाळीच्या कितीतरी आधी भाड्याचं आवार सोडून निघाली, तेव्हा भुजंगशेट सावकारांनी तिचं चाक अडवून ठेवलं.

“बाप निमगावात अंथरुणाला खिळलाय, शेट. त्याला दुसरं कोणी नाही,” गिरजा म्हणाली. “आजवरचं भाडं चुकतं केलंय, आवार झाडूनपुसून दिलंय. आता दुसरा भाडेकरू बघा.”

“बघणार नाही,” सावकार म्हणाले. “करार दिवाळीपर्यंतचा. तोवरचं भाडं ठेव आणि चाक ने.”

आता चाकाशिवाय कुंभारणीने निमगावात जाऊन स्वतः काय खायचं आणि बापाला काय घालायचं? गिरजा मैत्रिणीकडे थांबली आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा विनवणी करायला गेली. आवाराशी पोचते तो आत राजाचा हत्ती! हत्तीखान्याचं छप्पर कोसळलं होतं, म्हणून दरबाराने ते आवार भाड्याने घेतलं होतं; आणि भाडं हत्तीच्याच मापाने लावायला सावकार विसरले नव्हते. हत्ती सावकाश आवारातली चिंच खात होता. गिरजा त्याच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग सावकारांचं दार न ठोठावता ती थेट दरबारात गेली.

महिपतराजे न्यायाला कडक आणि शब्दाला त्याहून कडक. एकदा त्यांनी चुकून बुधवाराला मंगळवार म्हटलं, तर त्या आठवड्यात दोन मंगळवार झाले आणि उपास करणाऱ्यांचे हाल झाले; पण राजांनी शब्द फिरवला नाही.

त्यांनी गिरजेचं ऐकलं, सावकारांना बोलावलं आणि विचारलं, “करार कधीपर्यंत?”

“दिवाळीपर्यंत, महाराज,” सावकार म्हणाले. “बाई मध्येच उठून गेली तरी आवार तोवर हिचंच. मी बापडा त्यात पाऊलसुद्धा टाकणार नाही.”

“मग ठरलं,” राजे म्हणाले. “दिवाळीपर्यंत आवार गिरजेचं आणि भाडंही गिरजेनेच द्यायचं. हा आमचा शब्द.”

सावकारांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला. गिरजेने वाकून मुजरा केला.

“महाराजांचा निकाल मान्य आहे. फक्त माझ्या आवारात मला न विचारता कोणी येऊन राहिलंय. त्याने भाडं द्यावं, नाहीतर जागा मोकळी करावी.”

“कोण आहे तो उर्मट?”

“आपला हत्ती, महाराज.”

सावकारांचा हात मिशीवरच थांबला.

“हत्ती तुझा पोटभाडेकरू?” राजांनी विचारलं.

“पोटाचा तर आहेच, महाराज. अर्धी चिंच संपवली त्याने.”

“पण महाराज,” सावकार घाईने म्हणाले, “आवार शेवटी माझं आहे. दरबाराने ते माझ्याकडून घेतलंय.”

“तुमचं आहे ना, शेट?” गिरजा म्हणाली. “मग मी दिवाळीपर्यंत भाडं कशाचं देऊ?”

दिवाणजी राजांच्या कानाशी लागले आणि निकाल जरा बदलावा, असं हळूच सुचवू लागले. राजांनी त्यांना हातानेच दूर केलं.

“आमचा शब्द फिरत नाही. आवार गिरजेचं, तेव्हा हत्तीचं भाडं गिरजेला मिळेल. त्यातून तिने ठरलेलं भाडं सावकारांना द्यावं.”

सावकारांनी मनात हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडले. “महाराज, करार आजच मोडतो. आजारी बापाला असं तिष्ठत ठेवणं बरं नव्हे. बाईने आत्ताच्या आत्ता जावं, माझी काही हरकत नाही.”

“मी पहिल्या दिवशी हेच सांगत होते, शेट,” गिरजा शांतपणे म्हणाली. “पण आता मला कसं जमेल? माझ्या पदरी भाडेकरू आहे. त्याला भर उन्हात रस्त्यावर काढू?”

राजे हसायला लागले. आधी पोट हललं, मग सिंहासन हललं, आणि राजे हसतायत म्हटल्यावर दिवाणजीही जबाबदारीने हसले. डोळे पुसत राजांनी हुकूम दिला: हत्तीचं भाडं गिरजेला निमगावात पोच व्हावं, राजवैद्यांनी तिच्याबरोबर जाऊन तिच्या बापाला औषधपाणी करावं, आणि तिचं चाक न्यायला सरकारी गाडी द्यावी.

चाक फार जड होतं. ते गाडीवर चढवायला भुजंगशेटांनाच खांदा द्यावा लागला.